बेचाळीस मिलीमीटरचा भोपळा

भावजींनी कापलेल्या दोन तुकड्यांत फरक काढून दाखवा, मी माझी वेणी कापून देते, असं मी कॅन्टीनच्या खिडकीतून तीस वर्षं ओरडत आले. वेणी अजून शाबूत आहे. आता ती उंदराच्या शेपटीएवढी उरलीय, तो भाग वेगळा. पण जिंकून नाही नेली कुणी.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर, पण सगळा कारखानाच त्यांना भावजी म्हणतो. आमचं कॅन्टीन होतं शिड्यांच्या कारखान्यात. घरात माळ्यावर चढायच्या छोट्या शिड्या, दिव्याचे खांब दुरुस्त करायच्या लांब शिड्या, सगळ्या तिथेच बनायच्या. एकदा तर इतकी उंच बनवली की तपासायला चढलेला माणूस खाली आला तेव्हा त्याला दाढी आली होती. खोटं वाटत असेल तर त्याला विचारा, दाढी आहे अजून.

रोज दोनशे चाळीस माणसं जेवायला. आणि माणसं कसली, तर शिडीवाली. दोन पायऱ्यांमधलं अंतर केसाएवढं चुकलं तरी अख्खी शिडी परत येते. त्यामुळे या लोकांची नजर अशी की भिंतीवरचं कॅलेंडर वाकडं असलं तर त्यांना घास गिळवत नाही. ही नजर काय जेवताना खिशात काढून ठेवणार? शेजारच्याच्या ताटातला मटणाचा तुकडा नखभर मोठा दिसला की झालंच. भावजी यायच्या आधी एकाने दुसऱ्याच्या डोक्यावर रश्श्याचं पातेलं उपडं केलं होतं. पातेलं निघेना, म्हणून तो तीन दिवस तसाच कामाला येत होता. बरं, तीन नाही, एकच दिवस. अर्धा.

मग भावजी आले. मटण कापायचा स्वतःचा ओंडका घेऊन आले, सुरी आणि सत्तूर घेऊन आले. ताटात तीन तुकडे, दोन हाडाचे, एक बिनहाडाचा, आणि तिन्ही शेजारच्या ताटातल्यासारखेच. वजनकाटा नाही, पट्टी नाही. तुकडा हातात घ्यायचे, जरा झुलवायचे, की झालं. भांडणं बंद पडली. हाडं मागच्या दाराशी चार कुत्र्यांना. त्या कुत्र्यांनाही सारखी वाटणी, बरं का.

भावजींना मूलबाळ नाही. जाऊबाई गेल्यापासून ते आमच्याच घरी मागच्या खोलीत राहायचे. बोलणं बेताचं. सकाळी सहाला घर सोडायचे आणि त्या ओंडक्यापाशी उभे राहिले की चार इंच जास्त उंच दिसायचे. हे मात्र मी फुगवत नाही.

आता या गोष्टीत माझी नात येते. ती पाणी तपासायच्या खात्यात कामाला. एके दिवशी तळ्याचं पाणी का बिघडतंय ते शोधत, गुडघ्यापर्यंतचे बूट घालून, ओढ्याच्या कडेकडेने वर वर आली आणि पोचली ती थेट आमच्या कॅन्टीनच्या मागे. मी पातेली घासायला टाकत होते.

"आजी? हे तुझं आहे?"

"काय माझं?"

"हे. पांढरं."

आमच्या मोरीचं पाणी चरबीच्या खड्ड्यात जायचं आणि खड्डा भरला की ओढ्यात. वर साय धरावी तशी पांढरी जाड चरबी. थंडीत तर तिच्यावर मांजर फिरायचं. मीही एकदा फिरले असते, पण चप्पल नवीन होती.

"थोडी असेल आमची," मी म्हटलं.

"थोडी? आजी, तळ्यापासून इथपर्यंत एक बेडूक नाही दिसला मला."

"मग मी काय करू, बेडूक उकडू?"

ती हसली नाही. बाटलीत पाणी भरून घेतलं, वर चिठ्ठी चिकटवली, आणि माझ्याच मोरीचा नंबर माझ्यासमोर लिहिला. सख्खी नात! मग पायरीवर बसली, माझ्याच हातचा चहा प्याली आणि म्हणाली, "हे तर नुसतं शेपूट आहे गं. जनावर मागे राहिलं."

"म्हणजे?"

म्हणजे काय ते तिने समजावलं. मटण ताटात येण्याआधी त्या जनावराला वाढवायला किती दाणा लागतो, तो दाणा पिकवायला किती जमीन आणि किती पाणी, चरायला रान मोकळं करायचं तर किती झाडं जातात. तेच दाणे, त्याच शेंगा माणसाने सरळ खाल्ल्या तर कितीतरी कमी जमिनीत भागतं. "आणि गाईगुरं, शेळ्यामेंढ्या रवंथ करतात ना, त्यांच्या ढेकरातून जो वायू येतो त्याने हवा तापते."

"ढेकराने?"

"खरंच, आजी."

"मग तुझ्या आजोबांमुळे तर ध्रुवावरचा बर्फ वितळला असता."

यावर मात्र हसली. म्हणाली, बंद करा असं मी म्हणतच नाही. आठवड्यातले तीन दिवस बिनमटणाचे करा. दोनशे चाळीस ताटं गुणिले तीन, म्हणजे छोटी गोष्ट नाही.

तिच्या खात्याचा तसा कागद कारखान्याच्या साहेबांकडे गेला. आमचे साहेब भला माणूस, पण नवीन मशीन दिसलं की त्यांचा चेहरा लग्न ठरल्यासारखा व्हायचा. त्यांनी मला आणि भावजींना बोलावलं. "एक महिना करून बघू. सोमवार, बुधवार, शुक्रवार नुसत्या भाज्या. भाजी कापायला मशीन आणतोय, दहा मिनिटांत पोतं कापतं. त्या दिवशी भावजींनी घरी आराम करावा."

"आणि महिन्यानंतर?" मी विचारलं.

"जमलं तर बाकीच्या दिवसांचं मटणही कापूनच मागवू. वय झालं त्यांचं. नाही जमलं, लोकांनी ताटात टाकून दिलं, तर सगळं होतं तसं चालू."

भावजी उठले. परत आले, ओंडका पुसला. पुसलेलाच होता, परत पुसला.

आता बघा माझी काय गत झाली ती. नातीचं जमलं की दिराचा ओंडका गेला. दिराचा ओंडका राहायचा तर नातीचं फसायला हवं. आणि मी मधे, हातात पळी घेऊन.

"भावजी, तुम्ही नाही म्हणा की," मी घरी जाताना म्हटलं. "मी बोलते साहेबांशी."

"पोरगी बरोबर बोलतेय, वहिनी," ते म्हणाले. "तो खड्डा मी रोज बघतो. तुम्ही त्याच्यावर गोष्टी करता, मी बघतो."

सोमवारी ते घरी राहिले. मी संध्याकाळी परत आले तर न्हाणीघरात साबणाचे बारा तुकडे, ओळीने मांडलेले. तसूभरही फरक नाही. बुधवारी मेणबत्त्या कापून ठेवल्या होत्या. शुक्रवारी माझी उशी मी बरोबर घेऊनच कामाला जाणार होते.

इकडे कॅन्टीनमध्ये मशीन आलं. वरून भोपळा टाकायचा, बाजूने तुकडे. आवाज असा की शेजारच्या गावात लोक पंगतीतून उठून उभे राहायचे. लाल भोपळा, बटाटे, घेवडा, मसाला तोच, रस्सा तोच, पाव तोच. चवीला मी हात आखडला नव्हता. नातीवर राग असता तरी स्वयंपाकावर कसा काढणार?

नातीने भिंतीवर फळा लावला, त्यावर आकडे. किती पाणी वाचलं, किती जमीन. एकानेही वाचला नाही. मला राहवेना. मी खिडकीतून सांगायला लागले, "ऐका रे, परवा एक बैल आला, अख्खं तळं एका दमात प्यायला, वर रान चरला आणि असा ढेकर दिला की आभाळ तापलं!"

सगळी रांग हसायला लागली. नात धावत आली. "आजी! आकडे फुगवू नकोस ना!"

"तळ्याचं फुगवलं, कबूल. ढेकर तर तूच सांगितलास."

"ढेकर खरा आहे!" ती रांगेकडे वळून ओरडली. "म्हणजे, एकट्या बैलाचा नाही, सगळ्यांचा मिळून. पण खरा आहे!"

लोक आणखी हसले. एवढ्या भाषणात जे एकच धड खरं होतं त्यालाच सगळे थाप समजले. असं असतं.

पण जेवताना हसू थांबलं. आमच्याकडे एक वेल्डर होता. माणूस आडदांड, आवाज त्या मशीनसारखा. त्याने ताटाकडे पाहिलं, शेजारच्याच्या ताटाकडे पाहिलं आणि खिशातून टेप काढला.

"आजी, माझा भोपळा बेचाळीस मिलीमीटर. याचा एकसष्ट. हा काय साहेबांचा जावई आहे?"

"अरे, भोपळा आहे तो, शिडी नाही."

"मटणाचं असं कधी झालं नव्हतं!"

झालं, सगळ्यांचे टेप बाहेर. ते चिमट्यासारखं मोजायचं हत्यार असतं ना, तेही दोघांनी काढलं. मशीनने भोपळ्याचा कुठे डोंगर केला होता, कुठे चुरा. मोठे तुकडे आत कच्चे, लहान विरघळून गेलेले. एकाच्या ताटात सहा तुकडे, दुसऱ्याच्या ताटात नुसता पिवळा चिखल. आणि घेवडा? एकजण घेवडा मोजायला बसला होता, त्याची जेवणाची सुट्टी संपली.

निम्मी ताटं तशीच परत. उरलेल्या अन्नाच्या बादल्या भरून वाहिल्या. कुत्र्यांना घातलं तर चौघांनीही माझ्याकडे असं पाहिलं की मला पदर ओढून घ्यावासा वाटला.

साहेब बादल्यांकडे बघून म्हणाले, "लोकांना मटणच हवंय. अजून आठ दिवस बघू, मग बंद."

नात बादलीपाशी उभी होती. "सगळं फेकलं, आजी. हे तर मटणापेक्षा वाईट झालं. पिकवलं, आणलं, शिजवलं आणि फेकलं." तिचे डोळे भरले होते. लहानपणी पतंग तुटला की असाच चेहरा करायची.

मला कळलं होतं काय बिघडलंय ते. तीस वर्षं त्या खिडकीत उभी आहे मी. या लोकांना मटण नको होतं की हवं होतं, ते पुढचं. त्यांना शेजारच्याएवढं हवं होतं. पण हे साहेबांना सांगितलं तर ते मोठं मशीन आणतील. आणि भावजींना काय तोंडाने सांगू? की या, आणि ज्याच्यामुळे तुमचा ओंडका जाणार आहे, तेच सावरून द्या? गप्प बसले असते तर आठ दिवसांत त्यांचं सगळं होतं तसं झालं असतं. मी दोन दिवस गप्प बसलेसुद्धा. माझ्यासाठी हा विक्रम आहे.

तिसऱ्या दिवशी मी मशीनने कापलेला भोपळ्याचा एक तुकडा डब्यातून घरी आणला आणि जेवताना भावजींच्या ताटात ठेवला. एका बाजूला जाड, एका बाजूला कागदासारखा.

भावजींनी तो उचलला. झुलवला. खाली ठेवला.

"हे काय आहे?"

"आजचा भोपळा. वेल्डर म्हणत होता, भावजींच्या हातचाच वाटतो."

भावजींचा घास हातातच राहिला.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, काही फरक कळत नाही बुवा."

"वेल्डर म्हणाला?"

"रांगेत. सगळ्यांसमोर."

ते उठले. हात धुतले. सुरी काढली आणि दगडावर घासायला बसले. मी पुढच्या खोलीत जाऊन उगाच कपड्यांच्या घड्या घातल्या. खोटं बोलले की मला घड्या घालाव्या लागतात, मन लागत नाही. आणि मला तेव्हाही माहीत नव्हतं की मी दिराच्या बाजूने खोटं बोलले की नातीच्या.

शुक्रवारी सकाळी साडेपाचला भावजी कॅन्टीनमध्ये. ओंडक्यावर भोपळा ठेवला आणि त्याच्याभोवती हात फिरवत उभे राहिले. सगळ्या बाजूंनी चाचपला. बराच वेळ गेला.

"काय शोधताय?" मी विचारलं.

"याचा सांधा कुठे असतो?"

"भावजी, भोपळा आहे तो. त्याला गुडघे नसतात."

"तुम्ही गप्प बसा, वहिनी."

तीस वर्षांचा हात. जनावर सांध्यात सुटतं, म्हणून तो सांधाच शोधत होता. पहिला भोपळा वाया गेला. दुसरा त्यांनी उभा धरला, त्याच्या अंगावरच्या खाचांवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हं. आहे की. बाहेरच आहे." खाचेखाचेने सुरी घातली तसा तो पाकळ्या उमलाव्या तसा सुटला. मग प्रत्येक फाकेचे तुकडे. साल काढली नाही. प्रत्येक तुकड्याला सालीची एक बाजू ठेवली. "हे याचं हाड," म्हणाले. "याच्या आधाराने शिजेल, विरघळणार नाही."

अकरा वाजेपर्यंत साठ भोपळे. मी सहाशे सांगायचे, पण नात म्हणाली साठच लिही. बटाटेही तसेच. घेवडा मात्र त्यांनी हात जोडून बाजूला ठेवला, "हा मोजता येत नाही, हा पावाबरोबर वेगळा द्या, पळीने."

जेवणाची घंटा झाली. ताटात तीन तुकडे, सालीचे. वेल्डरने पाहिलं. शेजाऱ्याचं पाहिलं. टेप काढला. सगळं कॅन्टीन थांबलं.

"बेचाळीस," तो म्हणाला. शेजाऱ्याचा मोजला. "बेचाळीस." पलीकडच्याचा मोजला. मग टेप खिशात टाकला आणि ओरडला, "आजी, वेणी वाचली!"

आणि बसला जेवायला.

भावजी खिडकीपाशी आले. सुरी हातातच. वेल्डरला म्हणाले, "आता सांग. काही फरक कळतो का मशीनच्यात आणि माझ्यात?"

"म्हणजे?" त्याचा पाव तोंडातच.

"रांगेत म्हणालास ना? भावजींच्या हातचाच वाटतो म्हणून?"

"मी? मी असं म्हणेन? मी तर त्या मशीनला लाथ मारली होती! आजींना विचारा, पाय अजून सुजलाय!"

भावजी हळूच माझ्याकडे वळले. नातही वळली. मी भात नसलेल्या पातेल्यात भात हलवायला लागले.

"वहिनी!"

"फुगवलं असेल थोडं," मी म्हटलं.

"थोडं नाही आजी, अख्खं बनवलंस," नात म्हणाली, आणि भावजींच्या गळ्यात पडली, सुरीसकट.

साहेब आले ते सरळ बादल्यांकडे गेले. एका बादलीत तळाशी थोड्या साली. बाकीच्या कोरड्या. "मशीन नीट लावून घेतलंत वाटतं?" त्यांनी विचारलं.

भावजींनी ओंडक्यावरचा उरलेला भोपळा उचलला, दोन भाग केले, चार केले, आठ केले, आणि दोन तुकडे साहेबांच्या दोन तळहातांवर ठेवले. साहेबही शेवटी शिडीवालेच. त्यांनी हात झुलवले. परत झुलवले. तुकडे अदलाबदल करून झुलवले.

"हं," म्हणाले. थोडा वेळ मशीनकडे पाहिलं, जसं मोडलेल्या लग्नाकडे पाहावं. "उद्या येताय ना, भावजी?"

"उद्या मटण आहे. येणारच."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी सुरण आणा," भावजी म्हणाले. "हात बसवून बघायचाय."

महिना सरला, बिनमटणाचे तीन दिवस राहिले आणि भावजी सहाही दिवस ओंडक्यापाशी राहिले. मशीन कोपऱ्यात आहे, त्याच्यावर रेडिओ ठेवतो. चार कुत्र्यांपैकी दोन पलीकडच्या हॉटेलकडे गेली, दोन मंगळवारची वाट बघतात. भावजी मटण सोडणारे नाहीत, मीही नाही, तसं मी नातीला तोंडावर सांगितलंय. ती म्हणते, तीन दिवस तर तीन दिवस, दोनशे चाळीस ताटं आहेत. मशीनच्या त्या आठवड्यात जेवढं फेकलं त्याचं मात्र तिने अजून मला माफ केलेलं नाही.

पावसाळ्यानंतर ती परत बाटल्या घेऊन आली. चरबीचा खड्डा निम्म्यावर होता. ओढ्याचं पाणी तिने उजेडात धरून पाहिलं. "इथलं थोडं सुधारलंय," म्हणाली. "बाकीचं लांबचं आहे, आजी, ते इथून दिसत नाही." मग एकदम बोट दाखवलं. मोरीच्या खालच्या दगडावर बेडूक.

मी खिडकीत पळाले. "ऐका रे! मागे दोनशे बेडूक आलेत! एक तर एवढा मोठा, रांगेत ताट घेऊन उभा आहे!"

मागच्या दारातून भावजी आले, सुरी पुसत.

"दोन आहेत, वहिनी," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "पण सारख्या मापाचे."